कार्डाच्या पाठीवर हळद

खंडेनवमीच्या सकाळी मंदाकिनीबाईंनी कॅनडात, ग्वेल्फमधल्या मुलाच्या घरी पाट मांडला. घरातली हत्यारं म्हणजे काय, तर सुनेचा जुना लॅपटॉप, ड्रिल मशीन, भाजी चिरायची सुरी, गाडीची जादाची किल्ली आणि बर्फ उपसायचं लालभडक फावडं. फावडं पाटावर मावेना, म्हणून ते भिंतीला टेकवून उभं केलं.

"चारूचं काय ठेवू गं?" त्यांनी सुनेला, यामिनीला विचारलं.

यामिनी ऑफिसला निघायच्या गडबडीत होती. "त्याचं हत्यार एकच, आई. ती सिगारेटची कार्डं. नोकरी आपली पोटापुरती करतो तो."

ती हसत हसत बोलली आणि गाडी काढून निघून गेली. मंदाकिनीबाईंना मात्र ते पटलं.

शंभर वर्षांपूर्वी कॅनडात सिगारेटच्या पाकिटात बेसबॉल खेळाडूंची छोटी कार्डं घालत असत. पुढच्या बाजूला खेळाडूचा फोटो, भोवती लाकडी चौकटीसारखी तपकिरी नक्षी, मागे त्याची चार ओळींत माहिती. एका संचात नव्वद कार्डं. आयुष्यात कधी सिगारेटला हात न लावलेला त्यांचा मुलगा चारुदत्त पंधरा वर्षं ती जमवत होता. "बापानं विड्या ओढल्या असत्या तर गोष्ट वेगळी," असं मंदाकिनीबाई त्याला चिडवत. एकोणनव्वद कार्डं मिळाली होती. नव्वदावं कुठे मिळतच नव्हतं. मिळालं ते अखेर लंडनला, ऑन्टारिओतल्या लंडनला, एर्ल डॉब्स नावाच्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांकडे. त्यांच्याकडे त्या कार्डाच्या दोन प्रती होत्या. आणि त्यांच्या संचात जे एकच कार्ड नव्हतं, त्याच्या दोन प्रती चारुदत्तकडे होत्या. असा मेळ क्वचितच बसतो. पुढच्या रविवारी अदलाबदल ठरली होती. त्या एका भेटीत दोघांचेही संच पुरे होणार होते.

एर्लना द्यायचं कार्ड चारुदत्तने वरच्या खणात वेगळं काढून ठेवलं होतं. वेगळं काढलंय म्हणजे हेच मोलाचं, असा हिशोब करून मंदाकिनीबाईंनी ते पाटावर आणलं. ते जाड पारदर्शक प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांमध्ये होतं, कोपऱ्यांना बारीक स्क्रू लावून. आता पूजा प्लास्टिकची कशी करायची? त्यांनी शिवणाच्या पेटीतला छोटा स्क्रू ड्रायव्हर आणला, स्क्रू काढून वाटीत ठेवले, हात पुसून कार्ड कडांनी धरलं. चेहऱ्यावर बोट लावलं तर फोटो बिघडेल, एवढं त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी कार्ड उलटं केलं आणि पाण्यात कालवलेल्या हळदीचं बोट मागच्या बाजूला, ओळींच्या खाली मोकळी जागा होती तिथे, अगदी हलक्या हाताने टेकवलं.

कुंकवाचा करंडा उघडणार तेवढ्यात चारुदत्त बेसमेंटमधून वर आला. त्या दिवशी तो घरून काम करत होता.

"आई! काय करून राहिली तू?"

"ओरडायला काय झालं? पूजा करतेय."

"ते कार्ड आहे! एर्लचं कार्ड!"

"म्हणून तर मागे लावली. समोरून काही कळत नाही."

चारुदत्त खाली बसला. त्याने कार्ड हातात घेतलं नाही, नुसतं बघत राहिला. मग त्याने शांतपणे समजावलं, आणि ते शांतपणे समजावणं मंदाकिनीबाईंना ओरडण्यापेक्षा जास्त लागलं. गोळा करणाऱ्यांना कार्डाची पाठ पुढच्या बाजूइतकीच मोलाची असते. एर्ल त्यातही कडक. एका गृहस्थाने कोक्विटलाम नावाच्या गावाहून त्यांना कार्ड पाठवलं होतं, त्याची कड केसभर कापून सरळ केलेली निघाली, तर त्यांनी ते दुसऱ्याच दिवशी परत टपालात टाकलं. त्या माणसाशी पुन्हा बोललेदेखील नाहीत.

"मग आता?"

"आता काय? पुसायचा प्रयत्न केला तर कागदाचे तंतू उठतील. तसंच दिलं तर ते घेणार नाहीत." तो उठला. "जाऊ दे. तू मुद्दाम थोडंच केलंस."

तो परत खाली गेला. त्या दिवशी हत्यारांना काम सांगायचं नसतं, पण त्याच्या लॅपटॉपवरची मीटिंग काही चुकली नाही.

संध्याकाळी शाळेतून आलेल्या ईशानीला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आजी, यू डिड व्हॉट? विथ हल्दी?" आणि तोंडावर हात ठेवून खोलीत पळाली. ती हसत होती की घाबरली होती, ते मंदाकिनीबाईंना कळलं नाही. यामिनीने मात्र त्यांच्यासमोर बसून स्वतःला चार शिव्या घातल्या. "माझीच जीभ नको तिथे चालली, आई."

"तुझी जीभ काय करणार? बोट माझं होतं."

मंदाकिनीबाईंनी सबंध नोकरी नागपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली होती. त्यांना सर्वांत जास्त लागली ती हीच गोष्ट. हळदीचा रंग काय चीज आहे हे दर वर्षी आठवीच्या मुलांना दाखवणारी बाई मी, आणि जुन्या कागदावर ओली हळद लावताना डोकं कुठे होतं माझं? डोकं जागेवरच होतं, हे त्यांना माहीत होतं. स्क्रू वाटीत ठेवले, कडांनी धरलं, चेहरा वाचवला. सगळी काळजी घेतली आणि नेमकी चूक केली. त्या दिवसापासून त्यांना चहाची चव लागेना. ताटातली पोळी तशीच राहू लागली. आठवडाभराने त्यांचं परतीचं विमान होतं, आणि मुलाची पंधरा वर्षं एका बोटाने पुसून आपण निघून जाणार, हा विचार काही केल्या हटेना.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी चारुदत्तला हाक मारली. "तुझ्याकडे याच संचातलं एखादं टुकार कार्ड आहे का? जादाचं?"

"आहे. कोपरे गेलेलं. कशाला?"

"दे."

त्यांनी त्या कार्डाच्या पाठीवर तसंच हळदीचं बोट लावलं. वाळल्यावर काळ्या कागदाने अर्धा डाग झाकला, अर्धा उघडा ठेवला, आणि कार्ड दक्षिणेकडच्या खिडकीत ठेवलं. पांढऱ्या कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो हे प्रत्येक घरात माहीत असतं. हळदीतलं कर्क्युमिन प्रकाशात टिकत नाही. पण शंभर वर्षांच्या कागदावर, छापील अक्षरांशेजारी तो उडतो का, हे कोणालाच माहीत नव्हतं, आणि खऱ्या कार्डावर ते पहिल्यांदा करून बघायची त्यांची तयारी नव्हती.

पहिले दोन दिवस पाऊसच होता. मग ऊन पडलं. मंदाकिनीबाई दर थोड्या वेळाने खिडकीशी जात, काळा कागद उचलत, बघत, पुन्हा झाकत. शनिवारी दुपारी त्यांनी कार्ड चारुदत्तसमोर ठेवलं. झाकलेला अर्धा डाग पिवळाधमक होता. उघडा अर्धा शोधावा लागत होता. अक्षरं होती तशी काळी.

चारुदत्तचा चेहरा उजळला. "आई! ग्रेट आहेस तू! मग खरं कार्ड आत्ता लगेच खिडकीत ठेवू. आजचं आणि उद्या सकाळचं ऊन मिळेल. एर्लना कळणारसुद्धा नाही."

"ठेवायचं नाही."

"का?"

"कार्ड कोणाचं आहे?"

"अजून तरी माझं."

"शब्द दिलायस ना? मग त्यांचं. डाग ठेवायचा की घालवायचा, ते त्यांनी ठरवायचं."

"आणि ते नाही म्हणाले तर?" चारुदत्तचा आवाज चढला. "तुला कळतंय ना, असं कार्ड मला परत मिळणार नाही? एर्ल अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. त्यांचाही संच तसाच राहील. कोणाचं भलं होणार आहे त्यात?"

 नाही म्हणाले तर काय, हाच प्रश्न त्यांना आठवडाभर खात होता. त्या एवढंच म्हणाल्या, "उत्तर आधीच ठाऊक आहे म्हणून प्रयोगवहीत तसं रीडिंग लिहिणाऱ्या मुलांचे मी मार्क कापत होते, चारू. मी येते तुझ्याबरोबर. मीच सांगते त्यांना."

"तू सांगणार? इंग्लिशमध्ये?"

"नाही तर काय वऱ्हाडीत?"

रविवारी आकाश निवळलेलं होतं. दोघं लंडनला निघाले. मंदाकिनीबाई मनात इंग्रजी वाक्यं जुळवत होत्या, मोडत होत्या. मांडीवरच्या पिशवीत दोन्ही कार्डं होती.

एर्ल वृद्धांच्या निवासात एका खोलीत राहत होते. उंच, वाकलेले, इस्त्रीच्या शर्टात. खिडकीजवळच्या टेबलावर त्यांचा अल्बम उघडा पडला होता, आणि त्या पानावर नऊ कप्प्यांपैकी एकच रिकामा होता. त्यांनी तो आजच्यासाठी उघडून ठेवला होता हे बघून मंदाकिनीबाईंनी पिशवीतली दोन्ही कार्डं बाहेर काढली.

चारुदत्तने ओळख करून दिली. एर्लनी खुर्ची पुढे सरकवली. मंदाकिनीबाई बसल्या नाहीत.

"आधी मला काही सांगायचंय," त्या शाळेतल्या सावकाश इंग्रजीत म्हणाल्या. "तुमचं कार्ड माझ्या हातून खराब झालं." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, स्क्रू काढल्यापासून खिडकीपर्यंत. हळद ओली होती. पाण्याचा किंवा कशाचाही बोळा फिरवलेला नाही. या दुसऱ्या कार्डावर प्रयोग केला आहे, तो हा. तुमचं कार्ड उन्हात ठेवलेलं नाही. हे ते.

एर्लनी दोन्ही कार्डं घेतली. खूप वेळ बघितली.  मग उठले, पडदा ओढला, दिवा मालवला आणि खणातून एक छोटी टॉर्च काढली. तिचा प्रकाश जांभळा होता.

"अतिनील," मंदाकिनीबाई स्वतःशीच मराठीत म्हणाल्या.

त्या प्रकाशात जुना कागद मंद, काळपट दिसत होता आणि त्यावर हळदीचं बोट हिरवट पिवळं झगझगत होतं. एर्लनी टॉर्च प्रयोगाच्या कार्डावर धरली. झाकलेला अर्धा तसाच झळाळला. आणि जो अर्धा उन्हात उडाला होता, जो चारुदत्तला उघड्या डोळ्यांनी धड दिसतही नव्हता, तोसुद्धा फिका का होईना, उजळलाच.

मंदाकिनीबाई भान विसरून पुढे वाकल्या. "अरे! अजून शिल्लक आहे थोडं."

आईच्या खांद्यावरून चारुदत्तनेही ते बघितलं.

"प्रत्येक कार्ड मी याखाली धरतो," एर्ल म्हणाले. "पांढरा केलेला, रंग भरलेला कागद लगेच दिसतो. तुम्ही हे उन्हात घालून गप्प बसला असता, तर मला आत्ता हे दिसलं असतं. काय आहे ते कळलं नसतं, पण कोणीतरी काहीतरी लपवलंय एवढं कळलं असतं. मी चहा पाजून तुम्हाला परत पाठवलं असतं."

"आणि आता?" मंदाकिनीबाईंनी विचारलं. 

एर्लनी पडदा उघडला. "त्या पूजेत मागता काय तुम्ही?"

"मागत नाही काही. वर्षभर ज्या वस्तू आपल्यासाठी राबल्या, त्यांचे आभार मानतो. आणि त्या दिवशी त्यांना सुट्टी देतो."

"सुट्टी!" म्हातारा हसला, खांदे हलवत, आवाज न करता. "माझी बायको या कार्डांना कचरा म्हणायची. पन्नास वर्षं. आभार मानणाऱ्या तुम्हीच पहिल्या." त्यांनी कार्ड उचललं, रिकाम्या कप्प्याच्या तोंडाशी धरलं. कप्पा पटकन सापडेना. चारुदत्त पुढे झाला, पण मंदाकिनीबाईंनी त्याचा दंड धरून मागे ओढलं. कार्ड शेवटी आत गेलं.

 एर्लनी पानावर तळहात ठेवला, तसाच राहू दिला.

"उन्हात ठेवणार का?" मंदाकिनीबाईंनी विचारलं. "मी काळा कागद आणलाय. डागापुरतं भोक पाडून देते."

"नको. आत्ता कुठे आलंय ते, बाहेर कशाला काढू?" मग त्यांनी टेबलावरची, नव्वदाव्या कार्डाची प्लास्टिकची डबी चारुदत्तकडे सरकवली. "घे तुझं. आणि हे स्वयंपाकघरापासून लांब ठेव."

"हो," चारुदत्त म्हणाला.  एर्लनी त्याला पाठीवर दोनदा थोपटलं, जोरात, शाळेतल्या पोराला थोपटावं तसं.

गाडीत बसल्यावर चारुदत्तने किल्ली फिरवली नाही. नुसता स्टिअरिंगवर हात ठेवून बसला.

"आई, मी ते उन्हात ठेवणारच होतो. तू झोपल्यावर."

"माहीत आहे. म्हणून तर उशीखाली घेऊन झोपले."

तो हसायला लागला, आणि थांबेचना. मंदाकिनीबाईही हसल्या, डोळे पुसले, आणि अचानक त्यांच्या लक्षात आलं की पोटात भुकेचा डोंब उसळलाय.

"चारू, रस्त्यात कुठे खायला मिळेल काही?"

"काय खाशील?"

"काहीही. गरम."

हायवेवर चढण्याआधी एका ठिकाणी गाडी थांबवली. त्यांनी लोणी लावलेला बेगल, म्हणजे भोकाचा गोल पाव, खाल्ला, बटाट्याच्या फोडी खाल्ल्या, आणि चारुदत्तच्या हातातला अर्धा बेगलसुद्धा मागून घेतला. कॉफीचा घोट घेऊन म्हणाल्या, "ही काही वाईट नाही रे."

"इतके दिवस तर तोंड वाकडं करत होतीस."

"इतके दिवस चवच लागत नव्हती."

वाटेतलं वुडस्टॉक गाव यायच्या आतच त्यांची मान एका बाजूला कलली. चारुदत्तने रेडिओ बंद केला, त्यांच्या गळ्यापाशी काचणारा सीटबेल्टचा पट्टा एका हाताने जरासा सैल केला, आणि गाडी उजव्या लेनमध्ये घेऊन सावकाश चालवू लागला.