लालबागच्या दवाखान्यातली हाळी

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. माणसांसाठी मी घडलोच नव्हतो. गिरणीच्या गोदामात माझ्यावर कापसाच्या गाठी चढत. रघु हमाल दांडीवरचे पितळी वजन सरकवायचा आणि आकडा खच्चून ओरडायचा, कारण तो लिहून घेणारा कारकून गोदामाच्या पार दुसऱ्या टोकाला बसे. त्या हाळीचा मला फार अभिमान होता.

पुढे संप झाला. गिरणी पुन्हा धड सुरू झालीच नाही. मला भंगारात काढले, तेव्हा लालबागच्या एका डॉक्टरांनी स्वस्तात उचलले. माझ्याबरोबर रघुही आला, कंपाउंडर म्हणून. पांढरा कोट चढला तरी त्याची हाळी सुटली नाही. डॉक्टर पडद्याआड बसत आणि आकडा ऐकूनच कागदावर लिहीत. बाकावर ताटकळणाऱ्या रोग्यांची तेवढीच करमणूक. मलाही मजा येई, खोटे कशाला बोलू? माणसे पोट आत ओढून माझ्यावर उभी राहत. जसा काही मी पोट बघून वजन सांगतो!

सर्वात जास्त हसू होई ते तुळशीदासचे. तो त्याच गिरणीतला विणकर. संपात त्याची हाडे दिसू लागली होती. नंतर एका टॉवरच्या गेटवर राखणदार झाला आणि खुर्चीत बसून बसून सुटला.

"एकशे चार!" रघु ओरडे. "काय रे, कापसाची गाठ समजून पट्ट्या आवळू काय तुला?"

सगळा बाक खिदळे. तुळशीदासही हसे, पण माझ्यावरून उतरायला त्याच्या टाचा आधीच उचललेल्या असत. ते फक्त मला कळे.

त्याच्या जावयाने नाशिकहून रेड वाईन आणली होती. वाईन हृदयाला चांगली, असे तेव्हा जो तो सांगत सुटला होता. गटारीला जावयासोबत बसून दोन घोट घ्यावेत, एवढीच तुळशीदासची हौस. पण डॉक्टरांनी ठणकावले होते, "सडपातळ माणसाला एखादा पेला एक वेळ पचेल. तुमचं हे वजन, रक्तात आधीच चरबी. वाईन ती आणखी भडकवेल. आधी नव्वदच्या खाली या, मग विचारा."

त्याची बायको पुतळाबाई त्याला मोजून भाकरी वाढू लागली. गटारीच्या आदल्या सकाळी तो आला, तर बाक गच्च भरलेला. माझ्यावर चढताना तो पुटपुटला, "रघ्या, आज हळू सांग रे. सुनेच्या माहेरची माणसं बसलीत."

"मग टेबलावर हात दाब, हलका होशील," रघु डोळा मारत म्हणाला.

त्याने खरोखरच शेजारच्या टेबलावर तळहात दाबला. रघुने पितळी वजन मागे सरकवले.

"अठ्ठ्याऐंशी! नवरी झालास की रे!"

बाकाने टाळ्या वाजवल्या. पडद्याआडून डॉक्टर म्हणाले, "शाब्बास! मग घ्या थोडी. पण रक्त तपासून घ्या हं."

रघुने खरा आकडा न सांगता पुढच्या रोग्याला हाक मारली. तुळशीदासही चपला घालून हसत बाहेर पडला. इतकी वर्षे हसू झेलल्यावर मिळालेली शाबासकी कोण परत करील?

रक्त त्याने तपासून घेतले नाही. वाईन मात्र डॉक्टरांची परवानगी आहे म्हणत रोज घेतली. बाटली संपली की जावई दुसरी आणी. दिवाळीच्या सुमारास त्याच्या पोटात असा शूळ उठला की त्याला उचलूनच इस्पितळात न्यावे लागले. काढलेले रक्त नळीत चरबीने दुधासारखे पांढरट दिसले म्हणे. स्वादुपिंड सुजले होते. तो घरी परतला नाही.

पुतळाबाई दवाखान्यात आली. "डाक्टर, वजन उतरलं होतं ना ह्यांचं? तुम्हीच बोललात ना, घ्या म्हणून?"

डॉक्टरांनी रघुकडे पाहिले.

"काट्यानं दाखवलं ते मी सांगितलं," रघु म्हणाला. "जुना झालाय. चुकतो." आयुष्यात पहिल्यांदाच तो इतक्या हळू बोलला.

त्याच दुपारी मला जिन्याखाली टाकले. आता माझ्यावर ओले पोछे वाळतात. आत नवा काटा आला आहे आणि रघु त्याच्या शेजारी उभा राहून तसाच ओरडतो. माझा संताप होतो. टेबलावर दाबलेले वजन मी कसे दाखवणार होतो?

मित्रांनो, मला दुरुस्त करू नका, माझ्यात बिघाड नाही. तुम्ही एवढेच करा. कुणी काट्यावर उभे राहिले, तर त्याचा आकडा त्याच्यापुरताच ठेवा. तुळशीदासला मरणाची भीती होतीच, पण त्या बाकाची जास्त होती.