फुगलेला फोन

तीन आठवडे ताईच्या बाहेरच्या खोलीत चपला काढायलाही जागा नव्हती. टेबलावर तिच्या मुलाचा फोन ठेवलेला. मुलगा आजारपणात गेला, आणि त्याच्या फोनचं पोट मात्र रोज थोडं वर येत होतं. माणसं बोट लावायची, ऊब लागली की डोळे पुसायची.

"श्वास घेतोय पोरगा!" परगावच्या बाबांनी व्हिडिओ कॉलवर जाहीर केलं होतं. "आत्मा नेटवर्कमध्ये अडकलाय, रेंज फक्त माझ्याकडे. चार्जिंग काढलंत तर जीव जाईल. फोन मठात पाठवा, बोलता करतो." रेंजच्या या ठेकेदाराला स्वतः यायला मात्र सवड नव्हती.

म्हणून ताई खोका घेऊन कुरिअरच्या खिडकीशी आली. खिडकीमागे तिचा धाकटा भाऊ. भाचा गेल्यापासून त्या खोलीत पाय ठेवायचा त्याला धीर झाला नव्हता.

"आत काय आहे?" त्याने नियमाप्रमाणे विचारलं.

"कपडे. बाबांनी तसंच लिहायला सांगितलंय."

खोका गरम होता. त्याने उघडला. कपड्यांत भाच्याचा फोन, पॉवर बँकेला जोडलेला. बाबांचं बोलणं त्याच्याही कानावर आलं होतं. क्षणभर त्यालाही वाटलं, ते खरं असू दे.

"ताई, धड बॅटरीलाही वेगळं पॅकिंग, वेगळं लेबल लागतं. फुगलेली तर आम्ही घेतच नाही."

"बॅटरी नाही रे, तो आहे!"

खोका उचलून त्याने तिला मागच्या अंगणात नेलं. वाळूच्या बादलीत तसाच टम्म फुगलेला दुसरा फोन होता.

"हा कुणाचा?"

"कोपऱ्यावरच्या शिंप्याचा, दुरुस्तीला पाठवायला आणलेला. शिंपी ठणठणीत आहे, तरी फोन फुगलाच. बॅटरी खराब झाली की आत वायू साठतो. दिवसरात्र चार्जिंगला ठेवलीस, म्हणून आणखी फुगली, तापली."

"मग माझं बाळ यात नाही?"

"नाही, ताई." एवढं बोलताना त्याचा जीव तुटला.

"मी वायर काढली तर मीच त्याला..."

"तो तुझा हात धरून गेला, ताई. तुझ्यामुळे नाही."

तिने वायर काढली. फोन स्वतःच्या हाताने वाळूत ठेवला आणि महिन्याभरात पहिल्यांदा मोठ्याने रडली.

परत आले तर रांगेत आणखी दोघांच्या हातात तसेच खोके, वर 'कपडे' आणि त्याच मठाचा पत्ता लिहिलेला. भाऊ संतापला. "डोकं वापरा जरा! कुणी चमत्कार सांगितला तर आधी विचारा, हे आणखी कशाने होतं? आणि खोक्यावर खरं लिहा. हे विमानात पेटलं तर किती घरं उजाड होतील!"

ताईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"सगळं सांग त्यांना. पण ओरडू नकोस रे. त्यांचंही माणूस गेलंय."