दुसऱ्या वाचनाची पेन्सिल

भाषांतराच्या कचेरीत दोघी बहिणी शेजारी शेजारी बसत, आणि सहा महिने थोरलीच्या पोटात दुखत होतं. धाकटीला जर्मन शिकवलं हिने, आणि इंग्रजी कादंबरी जर्मनमध्ये न्यायचं काम मिळालं तिला! हिच्या टेबलावर आपली कपडे धुण्याच्या यंत्रांची माहितीपत्रकं. गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय?

कचेरीचा नियम असा, की प्रत्येक भाषांतराचं दुसरं वाचन दुसऱ्या कुणी करायचं आणि त्याच्या पेन्सिलीचा शब्द अखेरचा. धाकटीने हौसेने ताईचंच नाव सुचवलं.

कादंबरीत शेजारणीच्या आवाजाने एका म्हाताऱ्या विधुराच्या मनात माया जागी होते. इंग्रजीत त्याला 'अराउज' म्हटलं होतं, म्हणजे जागं करणंही आणि चाळवणंही. धाकटीने जर्मनमध्ये 'वेकेन' घातलं, म्हणजे झोपलेल्याला हलकेच उठवावं तसं. ते वाचून थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण शब्द अगदी बरोबर होता. तिला स्वतःला तो सुचला असता का, कोण जाणे. तिने तो सरळ खोडला आणि वर 'एरेगेन' लिहिलं. त्यात नुसती खळबळ. बिचारा म्हातारा एकदम चळलेला वाटू लागला. थोरलीला फार बरं वाटलं.

दोन दिवसांनी धाकटी सुजलेल्या डोळ्यांनी कामावर आली.

"ताई, पाठवलं गं प्रकाशकांना."

"एवढ्यात?"

"तुझी खूण पाहिली आणि माझा धीरच सुटला. म्हटलं, इथे चुकले तर बाकी ठिकाणी काय दिवे लावले असतील! मग घरी बसून दोन रात्री जागले आणि सगळं पुस्तकच बदललं. मला जिथे जिथे बरोबर वाटत होतं ना, तिथे तिथे."

थोरलीला एक शब्द बिघडवायचा होता, अख्खं पुस्तक नव्हे. तिने फोन उचलला.

"छपाई थांबवा," ती प्रकाशकांना म्हणाली. "दुसऱ्या वाचनात चूक झाली. चूक कसली, मी मुद्दाम केलं. तिचंच बरोबर होतं. मला हेवा वाटला तिचा."

यापुढे तुमच्याकडे वाचन नको, एवढंच पलीकडून ऐकू आलं. फोन ठेवून ती वळली.

"चल, पहिल्या पानापासून बघू. मी बसते तुझ्याबरोबर."

धाकटीने कागदांचा गठ्ठा छातीशी धरला.

"नको ताई," ती म्हणाली. "आता तू बरोबर म्हणालीस, तरी मला खरं वाटायचं नाही."