चालू झालं का? कळवा

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्यांच्या ऑनलाइन मंचावर मिस्त्री रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी, तासभर उत्तरं लिहायचा. मंच सांभाळायचं कामही त्याच्याच गळ्यात होतं. पण लोकांच्या तोंडी नाव तेलवाल्या काकांचं. प्रत्येक उत्तराची सुरुवात 'आधी तेल घाला' अशी करणाऱ्या काकांना जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी मिस्त्रीने जीव ओतून काही लिहिलं की खाली कोणीतरी हमखास टाकायचं, 'काकांनी हे आधीच सांगितलंय.' जिवंत माणसाशी भांडता तरी येतं. मिस्त्रीचा नुसता जळफळाट व्हायचा.

त्यामुळे मंचावरची जागा भरत आली तेव्हा त्याला आयतंच निमित्त मिळालं. पाच वर्षांहून जुन्या सगळ्या चर्चा पुसून टाकू, असं त्याने जाहीर केलं. तेव्हाची मशिनं आता राहिलीत कुठे, असंही वर जोडलं. काहींनी कुरकुर केली, पण त्याने ती कानाआड केली. बायको मात्र म्हणाली, "काकांचं पुसलंस म्हणून तुझं वाचतील, असं थोडंच आहे?" तो चहा अर्धा टाकून उठला.

पुसण्याआधी काकांची एखादी चूक सापडते का, ते बघायला तो जुन्या पानांत शिरला. सापडला तो स्वतःच, अकरा वर्षांपूर्वीचा, 'नवशिक्या' या नावाने. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या मशीनचे टाके सुटत होते. काकांनी तीन दिवसांत एकोणीस उत्तरं लिहून त्याच्याकडून सुईचा दांडा केसभर खाली घेववला होता. मंचाचा रिवाज असा, की मशीन सुरू झालं की विचारणाऱ्याने 'चालू झालं' एवढं लिहायचंच. नाहीतर मागून येणाऱ्याला उपाय खरा की खोटा, कळणार कसं? मिस्त्रीने ते लिहिलंच नव्हतं. दोष आपणच शोधला, असं तोवर तो गावभर सांगून बसला होता.

काकांची शेवटची ओळ होती, 'चालू झालं का? कळवा.' त्याखाली दोन वर्षांनी कोणीतरी विचारलं होतं, हा उपाय लागू पडतो का? काकांनी लिहिलं होतं, 'त्याने कळवलं नाही. पण हात चांगला वाटला त्याचा. झालं असणार.'

मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने पुसण्याचा बेत रद्द केला आणि अकरा वर्षांनी त्याच पानावर लिहिलं, 'चालू झालं. दोष काकांनीच दाखवला होता.'

दुपारपर्यंत खाली चौदा जणांनी आभार मानले, सगळ्यांनी काकांचेच. मिस्त्रीने पान पुन्हा पुन्हा उघडून ते आभार मोजले, आणि एवढं होऊनही त्याच्या पोटात दुखलंच.