माझ्यासाठी थांबलेली रांग

मित्रांनो, मला पाहून तुम्ही म्हणाल, हा लाल तुकडा टोपीचा की जोड्याचा? तुमचा अंदाज अगदीच चुकीचा नाही. जोड्याच्या अस्तरातून उरलेले लाल लोकरी कापड आणि मागून चामडे, असा माझा देह आहे. पण मी आहे आर्मेनियन वर्णमालेतले एक अक्षर. माझा उच्चार जेमतेम 'अ' एवढाच.

माझ्यापासून सुरू होणारे शब्द थोडेच. माझी खरी जागा शब्दाच्या शेपटाशी. नुसते 'दार' म्हटले तर ते कुठलेही दार. त्याच्या शेवटी मी लागलो, की ते नेमके तेच दार, आपल्या बोलण्यातले, ओळखीचे. शब्द स्वरात संपला तर तिथे माझा भाऊ 'न' जातो. आमचे भांडण नाही, दोघांनाही दिवसभर काम पुरते.

मला शिवले ते आर्मेनियातल्या शिराकच्या पठारावर, जोडे शिवणाऱ्या अर्शाविरने. पहिलीच्या मुलांची वर्णमाला शिकून झाली, की वसंतात आमच्या शाळेत सोहळा होतो. प्रत्येक मूल गळ्यात एक अक्षर घालून रांगेत उभे राहते, आपले अक्षर पुकारते आणि एक ओळ म्हणते. अर्शाविरच्या लेकीच्या, वार्दुहीच्या वाट्याला मी आलो आणि पोरगी रुसून बसली. तिला 'मायर' म्हणजे आई, त्या आईचे 'म' हवे होते.

"रडतेस काय, वेडाबाई?" अर्शाविर म्हणाला. "तुझी ओळ तर ऐक. मी आले, की दार ओळखीचं होतं."

वार्दुहीने नाक पुसले आणि ओळ पाठ केली. मग ती मला गळ्यात घालून गावभर मिरवू लागली.

पण सोहळ्याआधीच, त्याच हिवाळ्यात भूकंप झाला. शाळा पडली. वार्दुही ढिगाऱ्यातून वाचली, तिच्या बाकावरची मैत्रीण वाचली नाही. त्या वसंतात सोहळा झालाच नाही.

पुढे नवी शाळा उभी राहिली आणि अर्शाविरने मला तिथे देऊन टाकले. माझे सोन्याचे दिवस सुरू झाले. कुणी माझ्यावर जर्दाळूचा मुरंबा सांडला, कुणी मला उलटे घालून मिरवले. पालक माझी शिवण पाहून तोंडभर कौतुक करायचे. मग चकचकीत पुठ्ठ्याची अक्षरे आली आणि मी कपाटात, फुटक्या पृथ्वीगोलाखाली गेलो. अर्शाविर वारला. वार्दुही गावची भटारीण झाली. दर वसंतात ती सोहळ्यासाठी 'गाता' नावाच्या गोड पोळ्या भाजून आणायची आणि फाटकातूनच परतायची.

यंदा तिची लेक नारे पहिलीत होती. अक्षरे जास्त आणि मुले कमी, म्हणून वर्गशिक्षिका ओवसान्नाबाईंनी गावकऱ्यांनाच रांगेत बोलावले. माझा पुठ्ठ्याचा भाऊबंद भिजून फुगला होता, तेव्हा त्यांनी मला बाहेर काढले. नारेने मला थेट घरी नेले आणि आईला म्हणाली, हे तू घाल.

वार्दुहीने माझ्या टाक्यांवरून अंगठा फिरवला. बापाचा हात तिने ओळखला. मग मला टेबलावर ठेवून म्हणाली, "मला भट्टी आहे."

"भट्टी काय पळून जातेय?"

"मोठी वकीलीण झालीस. जा, अभ्यास कर."

सोहळ्याला नारेने मला नेले आणि आईसाठी राखलेल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवले. शेजारी नारे, तिच्या गळ्यात माझ्यानंतरचे अक्षर 'थ'. रांग पुढे सरकली. माझ्याआधीचे 'ए' मेंढपाळ गेघामकाकांनी दणक्यात पुकारले. मग माझी पाळी आली, पण मला पुकारायला कुणीच नव्हते. ओवसान्नाबाईंनी नारेला खुणेने पुढे म्हणायला सांगितले.

"माझं अक्षर आईच्या नंतर येतं, बाई," नारे म्हणाली. "ती आली की म्हणेन."

"माझ्या मेंढ्या खोळंबल्यात," गेघामकाका म्हणाले, "पण थांबू की. त्यांना कुठे शाळा आहे?"

फाटकापाशी गाताचे ताट घेऊन वार्दुही उभी होती. तिने सगळे ऐकले होते. ती आत आली, दारापर्यंत.

"नारे जान, गाता थंड होतोय," ती म्हणाली.

"होऊ दे."

कुणीही हलले नाही. वार्दुहीने ताट टपालवाल्या बाईंच्या हातात दिले, पीठ लागलेले हात एप्रनला पुसले आणि ती रांगेत आली. माझी दोरी सात वर्षांच्या मानेच्या मापाची! नारे ती आईला घालू लागली तर मी कानांवरच अडकलो. सगळी शाळा हसली. वार्दुहीही हसली, मग रडली आणि पुन्हा हसली. आनंदाने माझी लोकर शहारली.

तिने मला पुकारले. नंतर बापाच्याच ठेक्यात म्हणाली, "मी आले, की दार ओळखीचं होतं."

"थ!" नारे इतक्या जोरात ओरडली की ताटातला गाता उडाला.

आता मी भट्टीवरच्या खिळ्याला असतो, अंगभर पीठ लेवून. वसंतात शाळेत जातो. मित्रांनो, जुनी वस्तू टाकण्याआधी तिचे टाके एकदा निरखून पाहा, ते कुणाच्या तरी ओळखीच्या हाताचे असतील. आणि रांगेत कुणाची जागा रिकामी असेल, तर पुढचे अक्षर म्हणायची घाई करू नका.