आतली कडी

वरवे बुद्रुकच्या सावळारामचा अमृत क्लाउड सिक्युरिटीच्या परीक्षेत चार वेळा नापास झाला होता, आणि चारही वेळा चूक दुसऱ्याच कुणाची तरी होती. पहिल्या खेपेला हायवेवर ट्रॅफिक तुंबलं. दुसऱ्या खेपेला पुण्यातल्या परीक्षा केंद्रातला एसी थेट मानेवर येत होता. तिसऱ्या खेपेला म्हणे अभ्यासक्रमच बदलला, तोही न सांगता. चौथ्या खेपेला शेजारच्या टेबलावरचा एक टकल्या तीन तास खोकत होता. पास व्हायला एकोणीस मार्क कमी पडले, ते त्या खोकल्यानं खाल्ले, असं अमृत इतक्या ठामपणे सांगायचा की ऐकणाऱ्याला त्या टकल्याचाच राग यावा.

परीक्षाही तशी खडूसच. पानभर प्रश्न, खाली चार उत्तरं आणि चारही बरोबर. त्यातलं सगळ्यांत जास्त बरोबर कोणतं ते ओळखायचं. "बरोबर म्हणजे बरोबर! जास्त बरोबर काय असतं रे?" अमृत लॅपटॉपवर खेकसायचा. हे प्रश्न काढणाऱ्या शहाण्याला भाताच्या खाचरात उभं करावं, चार रोपं हातात द्यावीत आणि विचारावं, यातलं सगळ्यांत जास्त रोप कोणतं ते सांग.

ऑफिसातल्या सुलक्षणा मॅडम त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, आणि पहिल्याच फटक्यात पास झालेल्या. घोकंपट्टी केली असणार, दुसरं काय! त्यांनी त्याला केबिनमध्ये बोलावून स्पष्टच सांगितलं. मार्चपर्यंत पास झाला तर नव्या क्लायंटचं काम, नाहीतर परत हेल्पडेस्क. हेल्पडेस्क म्हणजे दिवसभर लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलून देत बसायचं. सहा वर्षांपूर्वी तो तिथूनच वर आला होता. पुन्हा त्याच खुर्चीत बसायची त्याला धास्ती होती. जगाला नावं ठेवणारा अमृत ही एक गोष्ट मात्र कुणाजवळ बोलत नव्हता.

"या वेळी घरूनच दे की," मॅडम म्हणाल्या. "हल्ली ऑनलाइन देता येते. ना ट्रॅफिक, ना एसी, ना कुणाचा खोकला."

त्या साधेपणानं म्हणाल्या की टोमणा मारला, हे अमृतला कळलं नाही. घरी येईपर्यंत बाइकवर त्याला एकच गोष्ट टोचत राहिली. आता नापास झालो तर कुणाचं नाव सांगायचं?

घरून परीक्षा द्यायचे नियम कडक होते. खोली रिकामी हवी. परीक्षक कॅमेऱ्यातून बघत बसणार. दुसरं माणूस आत आलं की परीक्षा रद्द. माडीवरच्या खोलीत इंद्रायणी भाताची चौदा पोती होती. ती सावळारामनं बासष्टाव्या वर्षी एकेक करून पाठीवरून खाली आणली.

"पोत्यात काय उत्तरं लपवनार हाईस व्हय रं?" शेवटचं पोतं टेकवून त्यानं धापा टाकत विचारलं.

"आबा, तुमाला न्हाई कळायचं ते," अमृत म्हणाला. खरं तर त्यालाही कळलं नव्हतं.

अमृतच्या आईची, ठकुबाईची अडचण वेगळी होती. लेक परीक्षेला निघाला की उंबऱ्यात त्याच्या तळहातावर दही-साखर ठेवायची, हे तिचं शाळेपासूनचं काम. "चार वेळा तुजं दही खाल्लं आन् चार वेळा आपटलो," असं तो आदल्या दिवशीच फणकारला होता. ते तिनं मनावर घेतलं नाही. तिला पेच निराळाच पडला. हा घराबाहेर पडणारच नाही, तर दही द्यायचं कधी? ती वाटी भरून वाट बघत राहिली आणि अमृत साडेसातलाच जिना चढून वर गेला.

'दार दाखवा', असं परीक्षकानं पडद्यावर लिहिलं. अमृतनं कॅमेरा फिरवला. दार लोटलेलं होतं. परीक्षकाला तेवढं पुरलं.

चाळिसाव्या प्रश्नापर्यंत अमृतला निकालाचा अंदाज आला. चार वेळा आपटलेल्या माणसाला तो येतोच. मान घामेजली, उत्तरं एकमेकांत मिसळायला लागली. एसी नव्हता, खोकला नव्हता, हायवेही लांब होता. खोलीत फक्त अमृत होता.

तेवढ्यात दार करकरलं. डोक्यावर पदर, हातात वाटी, चवड्यांवर चालत ठकुबाई आत आली. "आवाज करत न्हाई बाळा," ती कुजबुजली, "नुसता हात पुडं कर."

पडदा काळा झाला. लाल अक्षरं आली, परीक्षा रद्द.

अमृत असा काही ओरडला की खालच्या आळीतल्या म्हशी उभ्या राहिल्या. पण ओरडण्याआधी, एक क्षणभर, त्याला बरं वाटलं होतं. पाठीवरचं पोतं कुणी उतरवून घ्यावं तसं. ते बरं वाटणं त्यानं ओरडण्याखाली दाबून टाकलं.

मग ठकुबाईच्या नावानं सगळ्यांनीच शिमगा केला. "चौदा पोती उतरवली म्या आन् ही भवानी गेली वाटी घिऊन!" सावळाराम भेटेल त्याला सांगत सुटला. ठकुबाईची जाऊ अंबूबाई पदराआड हसली. ऑफिसात तर अमृतनं कमालच केली. आई चवड्यांवर कशी चालत आली, कशी कुजबुजली, त्याची हुबेहूब नक्कल करून त्यानं सगळ्यांना पोट धरून हसवलं. "बिचारा अमृत," म्हणत सुलक्षणा मॅडमनी पुढच्या शनिवारची तारीख मिळवून दिली. ही शेवटची. ज्या बाईनं आयुष्यभर त्याच्या डब्यात ऊन भाकरी घातली, तिला विकून त्यानं आठ दिवस विकत घेतले, आणि वर टाळ्याही मिळवल्या.

ठकुबाई मात्र एवढंच म्हणायची, "चुकलंच माजं."

शनिवारी सकाळी तो वर निघाला तेव्हा ती वाटी घेऊन माडीच्या दाराशी उभी होती. "हात पुडं कर."

त्यानं हात पुढे केला.

"मागल्या शनवारी जिना चडताना म्या मनात म्हनलं, कडी आसंल तर माघारी फिरायचं," ती म्हणाली. "दाराला नुसतं बोट लावलं, तर उगडलं."

तिनं दही त्याच्या तळहातावर ठेवलं.

"शाळंत व्हतास तवापास्नं अभ्यासाला बसलास की पयली आतली कडी लावतोस तू. बापाला सुदिक उगडत न्हाईस."

"विसरलो आसंन," तो म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"आसंल. म्या न्हाई कुनाला बोलले."

त्यानं दही तोंडात टाकलं आणि आत गेला. ठकुबाईनं दार ओढून घेतलं. भाताची पोती राखायला त्या दाराला बाहेरूनही एक जुनी कडी होती. ती तिनं जोर लावून सरकवली.

"बस आता निवांत," पलीकडून ती म्हणाली. "तीन तास कुनी येनार न्हाई."

तिची पावलं जिना उतरून गेली. 'दार दाखवा', पडद्यावर अक्षरं उमटली. अमृतनं कॅमेरा दाराकडे वळवला. मग पहिला प्रश्न आला. खाली चार उत्तरं होती, आणि त्याला चारही बरोबर वाटली.