ओनिसिमच्या कोपऱ्यातला पडदा

आमच्या गावात प्रत्येक घराच्या पूर्वेच्या कोपऱ्यात देव असतो आणि देवापुढे छोटासा पडदा असतो. देव तसबिरीत, तसबिरीवर भरतकामाचा पंचा, पुढे तेलाचा दिवा. पडदा एरवी उघडा. बाटली काढायची असेल, नवराबायकोला मनसोक्त भांडायचं असेल किंवा गाय विकताना तिच्या दुधाविषयी बोलायचं असेल, तर तेवढ्यापुरता ओढायचा. देवाला फसवायचं म्हणून नव्हे. त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

माझा शेजारी ओनिसिम पडदा कधीच ओढत नसे. खारितिना, त्याची बायको, गेल्यापासून घरात तो आणि देव दोघंच. सकाळी उठला की म्हणायचा, "उठलास का? बाहेर धुकं आहे, आज गवत कापायचं नाही." जेवताना बाकावर सरकून बसायचा, कोपऱ्याकडची जागा मोकळी ठेवून. मी एकदा त्या जागेवर बसलो, तर म्हणाला, "जरा सरक." मी सरकलो. देवाला मात्र त्यानं सरकायला सांगितलं नाही.

पुढे त्याच्या डोळ्यांवर मोतीबिंदूची साय धरली. गावाखाली नदीची दलदल आहे. पहाटे तिच्यातून धुकं उठतं आणि कुंपणं, गंजी, गायी हळूहळू पुसून टाकतं. आमचं धुकं उन्हं वर आली की विरायचं. ओनिसिमचं दिवसभर टिकायचं. संध्याकाळी आम्ही त्याच्या दारातल्या बाकावर बसायचो आणि तो मला काय काय दिसतंय ते सांगायचा. पाणथळीत कुणी पांढरं उभं आहे. विहिरीपाशी खारितिना आहे.

"तुझ्या विहिरीपाशी चादर वाळतेय," मी म्हणालो. "माझ्या बायकोनं घातलीय."

"ठाऊक आहे. पण ती उभी आहे." त्यानं दारापुढच्या कोबीच्या वाफ्याकडे हात केला. "अरे, पूर्वी देव कोपऱ्यात असायचा. आता सगळ्याच्या कडाच गेल्यात. कोबी कुठे संपतो नि देव कुठे सुरू होतो, समजत नाही."

"डोळे दाखव शहरात."

"दाखवले तर बरे करतील ना!"

कोबी हलत होता, वारा नव्हता.

पुढच्याच आठवड्यात तो पाणी आणायला म्हणून गेला आणि विहिरीच्या काठाऐवजी विहिरीतच पाय टाकता टाकता वाचला. आमच्याकडे बातमीला टपाल लागत नाही. रविवारी शहरातून त्याची मुलगी मेलान्का येणार म्हणून निरोप आला. ओनिसिमला कळून चुकलं की डोळ्यांचं समजलं, तर ती त्याला चौथ्या मजल्यावरच्या तिच्या घरी घेऊन जाणार. तिथे ना कोबी, ना धुकं, ना विहिरीपाशी कुणी.

"सांगून टाकतो, स्वच्छ दिसतं म्हणून," तो मला म्हणाला आणि उठला. चाचपडत कोपऱ्यात गेला. पितळी कड्या खळखळल्या. त्यानं पडदा ओढला.

मेलान्का आत आली, पिशवी ठेवली, कोपऱ्याकडे वळून कपाळाशी हात नेला, आणि हात तिथेच थांबला.

"बाबा, पडदा का ओढलाय?"

"धूळ बसते."

"बरं. डोळे कसे आहेत?"

"घारीसारखे."

मेलान्का याच घरात वाढलेली. पडदा कधी ओढतात ते तिला ठाऊक. ती कोपऱ्यात गेली आणि तिनं पडदा सर्रकन उघडला. दिव्याची ज्योत जराशी हलली आणि सगळी खोली मधात बुडाल्यासारखी झाली.

"आता सांगा."

ओनिसिमनं घसा खाकरला, माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या बाजूच्या खुंटीकडे.

"तू निळं काहीतरी घातलंयस."

"हिरवं आहे, बाबा."

"मग हिरवं."

"माझ्याकडे राहायला चला. फेदिर तर म्हणतोच आहे, बाबांना घेऊन ये, मला आनंदच..."

आणि बोलता बोलता तिचा हात आपोआप पडद्याकडे गेला. कड्या खळखळल्या. ओनिसिमला दिसत नसलं तरी ऐकू उत्तम येत होतं.

"जावयाचा आनंद कळला," तो म्हणाला.

मेलान्का हसायला लागली. हसता हसता डोक्याच्या रुमालानं डोळे पुसू लागली. पडदा पुन्हा उघडून ती बाकावर बसली, कोपऱ्याकडची जागा सोडून. "मला रात्री झोप लागत नाही हो. तुम्ही विहिरीत दिसता."

"आणि मला विहिरीपाशी तुझी आई दिसते."

बाहेर धुकं दारापर्यंत येऊन थांबलं होतं. मला वाटलं, आता कोपऱ्यातली चौथी व्यक्ती काहीतरी बोलेल. बोलली नाही, पण ओनिसिम त्या दिशेला कान देऊन बसला होता आणि मध्येच त्यानं मान हलवली.

"एक डोळा," तो म्हणाला.

"काय?"

"एकच डोळा बरा करायचा. उजवा. विहीर, चूल, पायऱ्या, सगळं त्याच्याकडे. डावा आहे तसा ठेवायचा."

"डॉक्टर काय म्हणतील, बाबा?"

"त्यांच्याकडे पडदा असेल तर ओढून घेतील."

झालं तसंच. उजवा डोळा बरा करून ओनिसिम परत आला, विहिरीपासून हातभर लांबूनच चालू लागला. पडदा मेलान्का शहरात घेऊन गेली. म्हणाली, आमच्याकडे लागतो.

संध्याकाळी तो बाकावर बसतो, उजवा डोळा मिटतो आणि विहिरीकडे हात हलवतो. काल मीही एक डोळा मिटून पाहिलं. मला बायकोची चादरच दिसली. तरीही मी हात हलवला.